बासरीचा विसावा: लाकडी आणि वेळूच्या सुषिरवाद्यांसाठी घरगुती स्टँड

मराठी घरात प्रत्येक जपायच्या वस्तूला स्वतःची बैठक असते. घागरीला घडवंची, पोथीला ठवणी, दिव्याला ठाणवई, तंबोऱ्याला गवसणी आणि खोलीतला निवांत कोपरा. बासरीला मात्र अशी जागा सहसा लाभत नाही. रियाझ संपला की ती उशीपाशी, कपाटाच्या माथ्यावर, खिडकीच्या कट्ट्यावर किंवा सतरंजीवर जिथे हात पोहोचेल तिथे टेकवली जाते. पाय लागणे, घरंगळणे, उन्हात तडकणे हे अपघात बहुतेक तिथेच घडतात.

वेळूच्या बासरीला गेलेली चीर केसाएवढी असली, तरी तिच्यातून हवा निसटते. हवेची गळती सर्वांत आधी खालच्या सप्तकाला बाधते. मध्य आणि तार सप्तक वाजत राहते, पण खर्ज पोकळ होतो, फुंक वाढवावी लागते आणि स्वर हलू लागतात. वेळूची कोणतीही दोन कांडी सारखी नसतात. पोकळीचा व्यास, भिंतीची जाडी आणि पेराचे अंतर प्रत्येक कांड्यात वेगळे असते. म्हणून वर्षानुवर्षे हाताला आणि ओठांना सवयीची झालेली बासरी फुटली, तर त्याच पट्टीची दुसरी विकत मिळते, पण तोच आवाज मिळत नाही.

चांगला स्टँड घरच्या घरी बनवता येतो. बेळगाव, खानापूर आणि निपाणीच्या सीमाभागात त्याचे बहुतेक साहित्य हाताशी असते. मात्र स्टँड ही बासरीच्या विसाव्याची जागा आहे, मुक्कामाची नव्हे, हे तत्त्व आधी मान्य करावे लागते. दोन रागांच्या मध्ये, रियाझाच्या तासाभरात किंवा वादनानंतर नळी सुकेपर्यंत बासरी स्टँडवर असावी. दिवसेंदिवस ठेवण्यासाठी कापडी पिशवी आणि आडवी जागाच योग्य. स्टँडची रचना, माप आणि जागा या तत्त्वाला धरूनच ठरते.

सीमाभागाची हवा आणि वेळू

हिंदुस्थानी संगीतातील लांब बासरीचा वेळू सहसा दुरून येतो. आसामातील, विशेषतः सिल्चर भागातील, पातळ भिंतीचा आणि लांब पेराचा वेळू बासरीसाठी नावाजलेला आहे. उत्तर प्रदेशातील पिलिभीत हे बासरी बनवण्याचे जुने केंद्र असून तिथेही कच्चा माल आसामातूनच येतो. बेळगावच्या वादकाच्या हातातील बासरी अशा रीतीने ईशान्येच्या दमट खोऱ्यातून निघून उत्तरेच्या मैदानामार्गे दख्खनच्या पठारावर पोहोचलेली असते. हवा बदलली की वेळू पाणी घेतो किंवा सोडतो आणि त्याबरोबर फुगतो किंवा आक्रसतो. हा बदल लांबीत नगण्य आणि घेरात अधिक असतो. म्हणूनच बासरी आडवी मोडण्यापेक्षा उभी तडकते. तिच्यावर जागोजागी घातलेले दोऱ्याचे वेष्टण केवळ शोभेचे नसते, ते घेराला आवळून धरण्यासाठी असते.

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर आहे. पश्चिमेला खानापूर तालुक्यातील कणकुंबी, जांबोटीचा पट्टा सह्याद्रीच्या माथ्यावर असल्याने तिथे पाऊस प्रचंड पडतो. उत्तरेकडे निपाणी आणि चिकोडीच्या दिशेने तो झपाट्याने कमी होतो. एकाच जिल्ह्यात पावसाळ्यात बुरशी धरणारी घरे आणि फाल्गुन-चैत्रात ओठ फुटावेत अशी कोरडी हवा, दोन्ही आढळतात. गोव्यात मुख्य शत्रू ओल आहे. चोर्ला घाट चढून बेळगावला कार्यक्रमासाठी गेलेली बासरी मात्र काही तासांतच दमट किनाऱ्यावरून कोरड्या पठारावर येते. अशा वेळी नळीत घट्ट बसलेली कोणतीही वस्तू तिला आतून फाडणारी पाचर ठरू शकते.

वाद्याप्रमाणे स्टँड

बासरी, पावा, अलगूज, रेकॉर्डर ही सगळी फुंकून वाजवायची, म्हणजे सुषिर, वाद्ये असली तरी एकच स्टँड सर्वांना चालत नाही.

आडवी बासरी, म्हणजे कन्नडातील कोळलु, एका टोकाला बंद असते. मुखरंध्राकडचे टोक वेळूच्या पेराने किंवा बुचाने मिटलेले असते, तर दुसरे टोक उघडे असते. स्टँडची खुंटी या उघड्या टोकातूनच आत जाते. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी लांब बासरी रागसंगीताच्या मैफलीत रुजवली. त्यापूर्वीच्या आखूड बासरीला स्टँडची अडचण फारशी नव्हती. आज प्रचलित असलेली पांढरी तीनची बासरी सुमारे ७५ सेंटिमीटर लांब असते आणि खर्जाच्या बासऱ्या त्याहून लांब असतात. लांबी वाढली की उभी बासरी कलंडण्याचा धोका वाढतो.

पावा आणि अलगूज यांच्या तोंडाशी लाकडाचा गट्टू बसवून फुंकेसाठी अरुंद फट ठेवलेली असते. धनगरांच्या पाव्यापासून जत्रेत मिळणाऱ्या शिट्टीवजा बासरीपर्यंत हीच रचना दिसते. या वाद्यांचा गट्टू फुंकेतील वाफेने भिजतो. म्हणून त्यांचे तोंड नेहमी वरच्या बाजूला असावे. तोंडावर उभी केलेली शिट्टी गट्टू फुगून बिघडते.

पाश्चात्त्य संगीत शिकणाऱ्या मुलांच्या हाती असलेला लाकडी रेकॉर्डर याच कुळातला. त्याची पोकळी खाली निमुळती होत जाते आणि सोप्रानो रेकॉर्डरच्या तळाचे भोक जेमतेम सेंटिमीटरभर असते. बासरीची खुंटी त्याला चालणार नाही. सुट्या भागांची लाकडी फ्लूट जोडलेल्या अवस्थेत फार वेळ उभी ठेवू नये, कारण सांध्यावरील बूच किंवा दोरा दबून सैल पडतो.

बाजारातील तयार स्टँड बहुधा धातूच्या पाश्चात्त्य फ्लूटसाठी बनवलेले असतात. त्यांची खुंटी फ्लूटच्या सुमारे १९ मिलिमीटर पोकळीच्या मापाची आणि पाय घडी घालून नेता यावेत असे आखूड असतात. पांढरी तीनच्या रुंद नळीत ती खुंटी डुगडुगते. घरगुती स्टँडचे समर्थन स्वस्तपणापेक्षा या मापाच्या नेमकेपणात अधिक आहे.

तोलाचा हिशेब

जत्रेतला बासरीवाला काठीच्या माथ्यावर बासऱ्यांचा पिसारा खोचून हिंडतो. ती रचना उभी राहते ती त्याच्या खांद्यामुळे. घरातल्या स्टँडला हा खांदा नसतो, त्याचे काम तळाने करायचे असते. स्टँड कलंडेल की नाही हे दोन गोष्टींवर ठरते. एक, स्टँड आणि बासरी यांचा एकत्रित गुरुत्वमध्य किती उंचीवर आहे. दुसरी, त्या मध्याखालून तळाची कड किती दूर आहे.

समजा, ७५ सेंटिमीटर लांबीची, १५० ग्रॅम वजनाची बासरी १० बाय १० सेंटिमीटरच्या, एक सेंटिमीटर जाड प्लायवूडच्या तुकड्यावर उभी केली. त्या तुकड्याचे वजन साधारण ६० ग्रॅम भरते. एकत्रित गुरुत्वमध्य सुमारे २७ सेंटिमीटर उंचीवर जातो आणि कड मात्र अवघ्या ५ सेंटिमीटरवर असते. असा स्टँड जेमतेम दहा अंश कलला की पडतो. चादरीची सुरकुती किंवा ओढली गेलेली मायक्रोफोनची तार त्याला पुरेशी आहे.

आता त्याच बासरीखाली २० बाय २० सेंटिमीटरचा, ३ सेंटिमीटर जाडीचा सागवानी ठोकळा घेतला, तर ठोकळ्याचे वजन पाऊण किलोच्या आसपास जाते. एकत्रित गुरुत्वमध्य पावणेआठ सेंटिमीटरवर उतरतो आणि स्टँड पन्नास अंशांपर्यंत कलूनही परत जागेवर येतो. तीन बासऱ्यांसाठी ३० बाय २० सेंटिमीटरचा तितक्याच जाडीचा तळ घेतल्यास ही मर्यादा चाळीस अंशांच्या जवळ राहते. थोडक्यात, बासरी हलकी असते म्हणून तळही हलका चालेल, हा समज उलटा आहे. उंच आणि हलक्या वस्तूला रुंद आणि जड तळच लागतो.

पायांची संख्याही महत्त्वाची. तीन पायांचा तळ उंचसखल जमिनीवर डुगडुगत नाही, हे पोळपाटावरून सर्वांना ठाऊक आहे. पण तीन पायांच्या मधल्या बाजूने तो लवकर कलंडतो. मध्यापासून ११ सेंटिमीटरवर पाय असतील, तर दोन पायांना जोडणारी रेषा मध्यापासून साडेपाच सेंटिमीटरवरच येते. चार पायांत हेच अंतर पावणेआठ सेंटिमीटर असते. म्हणून जुन्या पोळपाटाचा तळ एका बासरीसाठी उत्तम आहे, पण तीन बासऱ्यांसाठी चौकोनी पाटच घ्यावा.

खुंटी: सैल, लांब आणि गुळगुळीत

स्टँडमध्ये सर्वाधिक नुकसान करू शकणारा भाग म्हणजे खुंटी. ती घट्ट बसली की बासरी पक्की उभी राहिल्यासारखी वाटते, पण पावसाळ्यात खुंटी फुगते आणि उन्हाळ्यात बासरी आक्रसते. दोन्ही वेळी ताण नळीच्या भिंतीवरच येतो. म्हणून खुंटी नळीच्या सर्वांत अरुंद जागेपेक्षा ३ ते ४ मिलिमीटर बारीक असावी. नैसर्गिक वेळूची पोकळी आत वाकडीतिकडी असल्याने केवळ टोकाचे माप पुरत नाही. जाड कागदाची सैल सुरळी उघड्या टोकातून बारा सेंटिमीटर आत सरकवावी, ती उलगडून भिंतीला टेकली की कड चिकटपट्टीने धरावी आणि सुरळी बाहेर काढून तिचा व्यास मोजावा. तेच खरे माप.

सैल खुंटी लांब असावी लागते. नळी आणि खुंटी यांत ४ मिलिमीटर फट असताना खुंटी १२ सेंटिमीटर लांब असेल, तर ७५ सेंटिमीटरच्या बासरीचे वरचे टोक फार तर अडीच सेंटिमीटर झुकते. खुंटी ४ सेंटिमीटरच असेल, तर तेच टोक साडेसात सेंटिमीटर झुकते. बासरीच्या लांबीचा सहावा हिस्सा ही खुंटीची चांगली लांबी. त्याहून लांब खुंटी स्वररंध्रांच्या आतल्या कडांना खरवडू शकते. बासरीचे वजन खुंटीच्या टोकावर नव्हे, तर नळीच्या खालच्या कडेवर, तळाला चिकटवलेल्या मऊ घडीवर पडले पाहिजे. खुंटी फक्त बासरीला सरळ धरण्यासाठी आहे.

हाताशी असलेले साहित्य

तळासाठी घरातला जुना पाट किंवा पोळपाट, अथवा लाकडाच्या वखारीतील सागवानाचा किंवा फणसाचा तुकडा घ्यावा. जुने, पूर्ण वाळलेले लाकूड नव्या लाकडापेक्षा बरे, कारण ते पुढे वाकत नाही. हलके लाकूडच उपलब्ध असेल, तर त्याच्या खालच्या बाजूस फरशीचा तुकडा चिकटवून वजन वाढवता येते.

खुंटीसाठी सीमाभागाची खरी देणगी म्हणजे माणगा. कोकण, गोवा आणि घाटमाथ्याच्या पट्ट्यात लावला जाणारा हा बांबू आतून जवळजवळ भरीव असतो. त्याच्या शेंड्याकडील बारीक कांडे तासून उत्तम खुंटी होते. बुरूड कारागिरांकडे, ज्यांना कन्नडात मेदार म्हणतात, असे तुकडे मिळू शकतात. माणगा नसेल तर सागाची गोल काठी किंवा जुने लाटणे तासून वापरता येते. ज्यांना सफाईदार काम हवे, त्यांनी कातारी कारागिराकडून खुंटी कातून घ्यावी. गोकाकची लाकडी खेळणी, सावंतवाडीचे लाखकाम आणि गोव्यातील कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांचे कातीव काम या साऱ्या परंपरा याच परिसरातल्या आहेत. मात्र खुंटीवर लाखेचा किंवा रंगाचा थर देऊ नये. ओल्या नळीच्या सहवासात तो चिकट होऊन आत डाग पाडतो. बारीक सँडपेपरने घासलेले उघडे लाकूडच तिथे योग्य.

मऊ घडीसाठी लोकरीचे फेल्ट चांगले. जुन्या घोंगडीचा तुकडाही तितकाच उपयोगी पडतो. मात्र घोंगडीला चिंचोक्याची खळ दिलेली असते आणि ती किडीला आमंत्रण देते. म्हणून तुकडा कोमट पाण्यात दोन-तीनदा धुऊन, पूर्ण वाळवून मगच वापरावा. फोम, रबर आणि प्लास्टिकचा स्पंज टाळावा. काही महिन्यांत ते चिकट होतात आणि बासरीच्या तेलाशी किंवा पॉलिशशी त्यांचे जमत नाही. उघडे खिळेही नकोत. ओलीत ते गंजतात आणि वेळूवर न निघणारे काळे डाग पडतात.

बांबूच्या खुंटीबाबत एक दक्षता विसरता कामा नये. बांबूतील पिठूळ अंश खाणारा बारीक भुंगा स्टँडमधून बासरीत शिरू शकतो. टाचणीएवढी भोके आणि खाली साचलेली पिठासारखी भुकटी ही त्याची खूण. असा तुकडा कितीही देखणा असला तरी बासरीजवळ आणू नये. तोडलेला बांबू वाहत्या पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीत हा पिठूळ अंश कमी करण्यासाठीच आहे. रासायनिक प्रक्रिया केलेला बांबू कुंपणाला आणि छपराला चालतो. तोंडाला लागणाऱ्या वाद्याच्या पोकळीत तो नको.

तीन बासऱ्यांचा स्टँड: कृती

१. ३० बाय २० सेंटिमीटरचा, ३ सेंटिमीटर जाडीचा लाकडी तळ घ्यावा. चारही कडा आणि कोपरे गोल करावेत.

२. लांबीच्या मध्यरेषेवर एका टोकापासून ६, १५ आणि २४ सेंटिमीटरवर खुणा कराव्यात. दोन बासऱ्यांत ९ सेंटिमीटर अंतर राहते, त्यामुळे एक उचलताना दुसरीला धक्का लागत नाही. सर्वांत लांब बासरी मधोमध येईल अशी योजना करावी.

३. प्रत्येक बासरीचे आतील माप स्वतंत्र घेऊन तीन खुंट्या तयार कराव्यात. तळात जाणारे २ सेंटिमीटर धरून प्रत्येक खुंटीची लांबी ठरवावी. वरचे टोक किंचित निमुळते आणि अर्धगोल करावे, म्हणजे बासरी बसवताना कड ठेचत नाही.

४. तळात २ सेंटिमीटर खोल भोके पाडावीत. खुंटी लाकडाच्या पांढऱ्या गोंदाने बसवून लगेच गुण्या लावून चारही बाजूंनी काटकोन तपासावा. खुंटी तिरकी बसली, तर बासरी कायम एका कडेवर रेलते. गोंद एक दिवस पूर्ण सुकू द्यावा, मग खालून एकेक स्क्रू घालून खुंटी पक्की करावी.

५. प्रत्येक खुंटीभोवती फेल्टची किंवा घोंगडीची गोल चकती चिकटवावी. चकतीचा व्यास बासरीच्या बाहेरच्या व्यासापेक्षा दोन सेंटिमीटर अधिक असावा. ओल्या नळीतून ओघळणारे थेंब तीच टिपते, म्हणून ती बदलता येईल अशा बेताने कडेलाच गोंद लावावा.

६. तळाच्या खालच्या बाजूस चारही कोपऱ्यांत रबराच्या चकत्या लावाव्यात. रबर येथे चालते, कारण त्याचा बासरीशी स्पर्श होत नाही. गुळगुळीत फरशीवर स्टँड सरकणे त्यामुळे थांबते.

७. तळाला पॉलिश करायचे असल्यास त्यानंतर दोन आठवडे स्टँड मोकळ्या हवेत ठेवावा. वास पूर्ण गेल्याशिवाय बासरी त्यावर ठेवू नये.

रेकॉर्डरसाठी हीच रीत, फक्त खुंटी ७ ते ८ मिलिमीटर जाडीची आणि ८ सेंटिमीटर लांबीची असावी. ती नळीच्या तळात सैल जाते की नाही हे गोंद लावण्यापूर्वी पाहावे. अलगूज आणि पाव्यासाठी एक तळ पुरतो, मात्र खुंट्या त्यांच्या वेगवेगळ्या पोकळ्यांच्या मापाने बनवाव्यात.

आडवा घोडा

लहान मुले, मांजर किंवा वर्दळ असलेल्या घरात उभ्या स्टँडपेक्षा आडवा घोडा अधिक सुरक्षित. दोन फळ्यांच्या माथ्यावर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या खाचा करून त्या फळ्या एका लांब तळावर उभ्या केल्या की तो तयार होतो. खाचांना फेल्टचे अस्तर द्यावे. लांब वस्तूला कमीत कमी बाक यावा यासाठी आधार दोन्ही टोकांपासून लांबीच्या सुमारे २२ टक्क्यांवर असावेत. ७५ सेंटिमीटरच्या बासरीसाठी हे अंतर सोळा-सतरा सेंटिमीटर होते. तिथे मुखरंध्र किंवा स्वररंध्र येत असेल, तर आधार दोन बोटे सरकवावा. खाचेची कड रंध्राच्या काठावर कधीही टेकू नये.

हाच घोडा भिंतीवरही बसवता येतो. पण पश्चिमेची, पावसाचा मारा खाणारी भिंत टाळावी. तिच्या आतील बाजूस भाद्रपद संपेपर्यंत ओल असते. खानापूर आणि गोव्यातील जांभ्याच्या भिंतीत लहान प्लग सैल होतात. तिथे लांब प्लग आणि जाड स्क्रू वापरावा, किंवा लाकडी पट्टी भिंतीला पक्की करून घोडा तिच्यावर ठोकावा. जुन्या घरातील कोनाडा किंवा फडताळ बासरीसाठी सुंदर जागा आहे, पण भिंतीला पाठ टेकणार नाही असे दोन बोटांचे अंतर तिथेही राखावे.

जागेची निवड

स्टँड कितीही मजबूत असला तरी चुकीच्या जागी तो निरुपयोगी ठरतो. खिडकीतले ऊन, पंख्याचा थेट झोत, फ्रिजचा माथा, टीव्हीच्या मागची गरम हवा आणि देवघरातील समईची ऊब या पाचही जागा टाळाव्यात. दाराच्या पल्ल्याच्या वळणात स्टँड येऊ नये. जमिनीवर बसून वाजवणाऱ्याने तो आपल्या पुढे न ठेवता, ज्या हाताने बासरी उचलायची त्या बाजूला, गुडघ्यापासून हातभर अंतरावर ठेवावा.

गावच्या भजनाच्या किंवा उत्सवाच्या मंडपात जाजमाखाली माती, तारा आणि फळ्यांच्या फटी असतात. तिथे स्टँडखाली सपाट पाट ठेवावा आणि मायक्रोफोनच्या तारा स्टँडच्या मागून न्याव्यात. वादकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर उभा स्टँड नकोच. अशा ठिकाणी आडवा घोडा किंवा उघडी ठेवलेली अस्तराची पेटी बरी.

बासरी ठेवण्यापूर्वीची परीक्षा

नव्या स्टँडची परीक्षा खऱ्या बासरीवर करू नये. त्याच लांबीचा निरुपयोगी वेळू किंवा नळीचा तुकडा घेऊन त्यात ओले फडके गुंडाळून वजन बासरीएवढे करावे. तो स्टँडवर ठेवून स्टँड ४० सेंटिमीटर लांबीच्या फळीवर मांडावा आणि फळीचे एक टोक १४ सेंटिमीटर उचलावे. त्याने सुमारे वीस अंशांचा उतार होतो. स्टँड चारही दिशांना या उतारावर टिकला पाहिजे. सरकत असेल तर फळीवर खरखरीत कापड घालावे, कारण येथे तपासायचे ते कलंडणे आहे, घसरणे नव्हे. नंतर वरच्या टोकाला बोटाने हलका धक्का द्यावा. तुकडा डोलून थांबला पाहिजे आणि खुंटीवरून वर उसळता कामा नये. शेवटी तो एका हाताने, न बघता उचलून पुन्हा ठेवून पाहावा. मैफलीत नजर श्रोत्यांकडे असताना हात हेच करणार असतो.

पहिल्या वर्षी ज्येष्ठाच्या अखेरीस आणि माघात, असे दोनदा प्रत्येक खुंटीची फट तपासावी. पावसाळ्यात बासरी खुंटीवर घासून बसू लागली, तर खुंटी सँडपेपरने उतरवावी. बासरी कधीही जोर लावून बसवू नये. फेल्टच्या चकत्या काळ्या किंवा कडक झाल्या की बदलाव्यात.

विसाव्यानंतर

वादन संपताच नळीतील ओल मऊ सुती कापडाने, काठीच्या साहाय्याने, टिपून घ्यावी. ओली बासरी थेट बंद पेटीत घातली, तर श्रावणातल्या चार-पाच दिवसांत तिला बुरशीचा वास येऊ लागतो. टिपल्यावर अर्धा-पाऊण तास ती स्टँडवर उभी राहू द्यावी. उघडे टोक खाली असल्याने उरलेला ओलावा खाली उतरतो आणि रंध्रांतून हवा खेळते. त्यानंतर सैल विणीच्या सुती पिशवीत घालून ती आडवी ठेवावी. तेल लावलेली बासरी मात्र त्या दिवशी स्टँडवर ठेवू नये. फेल्ट तेल पिते, तेलावर धूळ बसते आणि तीच धूळ पुढे नळीत जाते.

मिरज हे सीमाभागाच्या शेजारचे गाव. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तंतुवाद्य घडवणाऱ्या घराण्यांनी वाद्याइतकेच त्याच्या गवसणीला आणि बैठकीला महत्त्व दिले. बासरी दिसायला साधी आणि किमतीने हलकी असल्याने तिच्या वाट्याला ही काळजी क्वचित आली. जुना पाट, माणग्याचे कांडे, धुतलेल्या घोंगडीचा तुकडा आणि एका रविवारची दुपार एवढ्यावर ती उणीव भरून निघते. मात्र विसाव्याची वेळ संपली की बासरी पिशवीत गेली पाहिजे, आणि खुंटी सैलच राहिली पाहिजे.